सव्वा मिनिटाची किरकिर

तेव्हा नोवी सादमध्ये शनिवारी रात्री
रेडिओवर गेम लागायचे.
लागायचे म्हणजे निवेदक म्हणायचा, "टेप तयार ठेवा,"
आणि मग चार मिनिटं नुसती किरकिर,
पत्र्यावरून कोणी खिळा ओढावा तशी.
आई म्हणायची, बिघडलाय वाटतं.
मी आणि राडोमान श्वास रोखून;
मध्येच कोणी शिंकलं, तर गेमला सर्दी.

सकाळी तो गेम अख्ख्या गल्लीचा.
ज्याच्याकडे कॅसेट, त्याचा.
अटी वाचल्यात का, असं कोणी विचारलं नाही.

आता मी एकोणसाठचा.
तळघरात दुकान, जुने संगणक दुरुस्त करतो
आणि मतं फुकट देतो.
दुसऱ्याची शाई पाहून जो रुसतो
तो प्रिंटर नव्हे, सासुरवाडीला आलेला जावई.
जे सॉफ्टवेअर उघडून बघता येत नाही
ते झाकण डकवलेलं पातेलं:
आत काय शिजतंय, वासावरून ओळखा.
आणि "मी सहमत आहे" या बटणाशेजारी
"सहमत नाही, पण नाइलाज आहे"
असंही एक बटण हवं.

बोगोल्युब विचारतो, मग लिहिणाऱ्यांनी खायचं काय?
खरं आहे. म्हणून तर पैसे मोजले.
राडोमाननेही मोजले, त्या बेटांच्या गेमसाठी.
तो लिंझमध्ये, मी इथे,
रोज रात्री नऊला धक्क्यावर भेटायचो.
मासे धरायचे, विकायचे, होडी रंगवायची.
फार बोलणं नाही.
डॅन्यूब घरापासून दोनशे पावलांवर,
पण खऱ्या पाण्यात दोघांनीही कधी गळ टाकला नाही.

फेब्रुवारीत तो गेला.
मेमध्ये कंपनीचं पत्र आलं:
तीस तारखेला सर्व्हर बंद. आपल्या प्रेमाबद्दल आभार.
मी लिहिलं, गेम मी विकत घेतलाय.
उत्तर आलं, तुम्ही परवानगी विकत घेतली होती.
म्हणजे सातबारा त्यांच्या नावावर,
आम्ही नुसती कुळं;
आणि कूळकायदा या मुलखात अजून यायचाय.

एकोणतीसच्या रात्री धक्क्यावर मी एकटा.
त्याची होडी बांधलेली, हिरवी,
एकाच बाजूने रंगवलेली.
दुसरी बाजू उद्या, म्हणाला होता.

पुढचं पोलिसांना सांगणार नाही, तुम्हाला सांगतो.
गेम आणि सर्व्हर आपसात काय बोलतात
ते मी महिनाभर टिपून ठेवलं होतं,
भोचक शेजारणीसारखा भिंतीला कान लावून.
मग गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या एका लॅपटॉपला
शिकवलं सर्व्हरचं सोंग घ्यायला.
अकरा आठवडे.
ऑगस्टमधल्या एका बुधवारी गेमने विचारलं, आहेस का?
लॅपटॉप म्हणाला, आहे.
गेमला पटलं.

कायद्याने मी चोर असेन.
विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरातून उचलून नेणारा साव,
आणि मी चोर.
बोंबा मारा, उलट्या, सुलट्या, जमेल तशा.

राडोमानची मुलगी येलिसावेता सुट्टीत आली.
म्हटलं, बघ, बाबाची होडी.
बराच वेळ बघत राहिली.
"किती घाण रंगवलीय," म्हणाली,
हसली, मग हसणं थांबलं.
मी माउस तिच्याकडे सरकवला.
तिने दुसरी बाजू रंगवली नाही.
मीही रंगव म्हटलं नाही.

जाताना पेनड्राइव्ह देता आला असता.
पण त्याचं सगळं, होडी, मासे,
माझ्याकडून घेतलेली उधारी, ती भयाण टोपी,
अकरा हजार अक्षरांत मावत होतं.
मी ते जुन्या मशीनवरून कॅसेटवर उतरवलं.
सव्वा मिनिटाची किरकिर.
लेबलवर त्याचं नाव.
आत त्याची नाव.

लिंझहून तिचा फोन आला.
टेपरेकॉर्डर शेजारच्या म्हाताऱ्याकडे मिळाला,
दोघांनी मिळून ऐकलं, म्हणाली, पूर्ण.
मग?
"मग काय. तो म्हणाला,
बिघडलाय वाटतं."